राजा जिन्यात मेला

३ मार्च, सोमवार

राजवाडा बंद. सुट्टी. शांत डोक्याने प्लॅन केला.

महिनाअखेरीस गाइड लोकांना नवे बिल्ले मिळणार. राजवाड्याच्या मॅनेजर मॅडमनी काल सगळ्यांना बोलावून सांगितलं, की ज्याच्या नावावर मारामारीची तक्रार असेल त्याला बिल्ला मिळणार नाही. बोलताना त्या माझ्याकडेच बघत होत्या. बहुधा उदाहरण म्हणून.

बिल्ल्याशिवाय दरवाजाच्या आत ग्रुपसमोर तोंड उघडता येत नाही. आणि तोंड उघडता आलं नाही तर मी काय करणार? उभी हयात या राजवाड्यात थोरल्या राजाचा खून सांगण्यात गेली. तुम्हाला दुसरं काही येत नाही, असं बायको म्हणते. दुसरं काही करायची वेळ आली नाही, असं मी म्हणतो.

संकल्प: महिनाभर हात फक्त दाखवण्यासाठी वापरायचा. उचलायचा नाही.

अवघड नाही. मी मूळचा शांत माणूस आहे.

४ मार्च, मंगळवार

बसस्टॉपवर साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो, माझ्याच बसने येतो, माझ्याच राजवाड्यात गाइड आहे. या लाइनमध्ये त्याला मीच आणला. माणसाने साप पाळावा, साडू पाळू नये.

वाद एकच. थोरला राजा कुठे मेला. मी जिन्याच्या वळणावर दाखवतो. भरपूर पुरावा आहे. वळणावर खिडकी आहे, वारा येतो, चढून आलेला ग्रुप दम खायला थांबतोच. खुनासाठी यापेक्षा सोयीची जागा अख्ख्या राजवाड्यात नाही. साडू खाली न्हाणीघरात दाखवतो. म्हणतो, अंघोळीच्या वेळी राजाजवळ तलवार नसते. ओल्या फरशीवर खुनी घसरून पडेल, हे त्याच्या डोक्यात येत नाही. गाढवाला गुळाची चव काय.

दोघांचे रक्ताचे डाग वेगवेगळे. ज्याचा त्याने ताजा ठेवायचा. माझा डाग म्हणजे लोखंडाला लावतात तो लाल रंग आणि थोडं बुटाचं पॉलिश. लांबून बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

आज तीन ग्रुप केले. राजाला मारणाऱ्या धाकट्या भावाची आरोळी मस्त लागली. एक बाई दचकून भिंतीवर आदळली. टेंगूळ आलं, पण खूश होती.

६ मार्च, गुरुवार

ग्रुप चुकू नये म्हणून प्रत्येक गाइड छत्री उंच धरून पुढे चालतो. माझी लाल. साडूची पिवळी. हे शहरातल्या प्रत्येक तिकीट खिडकीला माहीत आहे.

आज साडू लाल छत्री घेऊन आला. म्हणे, पिवळी छत्री त्याची बायको बसमध्ये विसरली. चोराच्या उलट्या बोंबा.

व्हायचं तेच झालं. फाशीच्या चौकात दोन्ही ग्रुप समोरासमोर आले आणि मिसळले. माझी अर्धी माणसं त्याच्या छत्रीमागे गेली, त्याची अर्धी माझ्याकडे आली. मी जुन्या फाशीच्या खांबासमोर उभा राहून, मान कशी मोडते, डोळे कसे बाहेर येतात, हे रंगवून सांगत होतो. तेवढ्यात त्याच्याकडून आलेल्या एका गृहस्थाने मध्येच विचारलं, की मग राजाच्या अंगावर टॉवेल तरी होता का.

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हात उचलला नाही. छत्री उचलली. छत्री म्हणजे हात नव्हे. तिचं टोक साडूच्या कानाला लागलं, कारण त्याने ऐन वेळी कान तिकडे फिरवला. मग त्याने आपली छत्री माझ्या डोक्यात घातली. मी त्याच्या चष्म्यावर पाय दिला. चष्मा तोवर खाली पडला होता, हे न्यायाने नमूद करतो.

ग्रुपने आधी फाशीच्या खांबाचे फोटो काढले, मग आमचे.

बायको कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने माझ्या डोक्याला ड्रेसिंग केलं आणि तोच कापूस, तीच बाटली घेऊन वर गेली, साडूच्या कानाला. घरभेदीपणाची हद्द झाली.

९ मार्च, रविवार

फुल डे टूर. जुना पूल, घड्याळाचा मनोरा, जुना तुरुंग. मनोऱ्यापर्यंत सगळं छान. वरून ढकलून दिलेल्या कारागिराची गोष्ट सांगताना मी स्वतःच गहिवरलो.

तुरुंगात पोचलो तर साडू आधीच हजर. कैद्याला अडकवायचा लाकडी खोडा कसा असतो ते ग्रुपला दाखवायला स्वतःच मान आणि मनगटं भोकांत घालून वाकला होता. खुंटी नुसती टेकवलेली. मी ती आत ठोकली. बुटाने. जुन्या वस्तू नीट बंद असाव्यात, एवढाच हेतू. मग त्याचा ग्रुप खोळंबू नये म्हणून त्यांनाही माझ्यासोबत पुढे नेलं. समाजसेवाच म्हणायची. खून जिन्यात झाला हे दोन ग्रुपांना एकदम सांगितलं.

तुरुंगाचा चौकीदार डबा खाऊन परत येईपर्यंत साडू तसाच वाकलेला. पुढे बसस्टॉपवर त्याने माझ्या कानाखाली आवाज काढला. अजून डाव्या कानात शिट्टी वाजते आहे. मी हात उचलला नाही. गुडघा उचलला गेला. गुडघ्यावर माझा ताबा कधीच नव्हता.

परतीच्या बसमध्ये तो पुढे पोट धरून, मी मागे कान धरून.

१० मार्च, सोमवार

सुट्टी. दुपारी मी जेवायला बसल्याबरोबर साडू वर उड्या मारायला लागला. बरोबर माझ्या डोक्यावर. मी स्टुलावर चढून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. छताचा पोपडा माझ्याच ताटात पडला. बायको तिचं ताट उचलून आत गेली. जाताना म्हणाली, की शहाण्याला शब्दाचा मार असतो. मी तिला सांगितलं, की साडू शहाणा नाही. ती म्हणाली, तिने साडूबद्दल म्हटलंच नव्हतं. मग कोणाबद्दल, हे विचारायचं राहून गेलं.

संकल्प: छताकडेही बघायचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी गेट उघडायच्या आत राजवाड्यात पोचलो. बादली, ब्रश, टर्पेंटाइन. न्हाणीघरातला खोटा डाग घासून काढायचा. ही मारामारी नव्हे, इतिहासाची साफसफाई. डाग राहिला नाही की खून राहिला नाही.

खाली उतरतो तर साडू वर येतोय. हातात बादली आणि ब्रश.

क्षणभर दोघंही थांबलो. मग एकमेकांना बाजू देत असताना त्याची बादली माझ्या डोक्यात उपडी झाली आणि माझं टर्पेंटाइन त्याच्या शर्टात गेलं. मी ब्रश त्याच्या तोंडावरून फिरवला, त्याने माझ्या दंडाचा चावा घेतला. खरंच चावला. साबणाच्या पाण्यात पाय सुटले आणि दोघं एकमेकांच्या गळ्याला धरून थेट न्हाणीघरात, त्याच्या डागावर. तिथे पुन्हा जुंपली. त्याने काल रात्रीच डागाला नवा हात मारला होता. ओला होता.

गेट उघडलं. पहिला ग्रुप बाहेरगावच्या भगिनी मंडळाचा. त्यांना दिसले लाल रंगात न्हालेले दोन पुरुष, एकाचे केस दुसऱ्याच्या मुठीत. अध्यक्षीण बाई बेशुद्ध पडल्या.

मॅडम आल्या. म्हणाल्या, की यापुढे दोघांपैकी कोणी माशी जरी मारली तरी दोघांचेही बिल्ले गेले समजा. मी हो म्हणालो. साडू हो म्हणाला. मॅडम वळल्यावर त्याच्या हातून बादली सुटली, माझ्या अंगठ्यावर. नख काळंनिळं.

मात्र एक गोष्ट शिकलो. ओल्या फरशीवर माणूस घसरतो. म्हणजे खून न्हाणीघरात होणं शक्यच नाही. माझी बाजू सिद्ध झाली.

१८ मार्च, मंगळवार

दोघी बहिणींनी मिळून समेटाचं जेवण ठेवलं. आमच्याकडे. मी मोठ्या मनाने पहिला घास घेतला. साडूने मीठ पुढे केलं. बरं चाललं होतं.

मग बायको सहज म्हणाली, की तो राजा मरून शेकडो वर्षं झाली, जिन्यात मेला काय न् न्हाणीघरात मेला काय, तुम्हाला दोघांना काय त्याचं.

मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच माझं आणि साडूचं एकमत झालं. दोघंही एकदम तिच्यावर ओरडलो. माणूस कुठे मेला याला काही किंमत आहे की नाही, असं मी विचारलं. साडू म्हणाला, दादा बरोबर बोलतायत ताई, जागा हीच खरी गोष्ट. मला भरून आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, की मग आता कबूल कर, जिना.

मेव्हणीने वाढायच्या मोठ्या डावाने दोघांना हाणलं. मला कपाळावर, त्याला बोटांवर. भेदभाव न करता.

२३ मार्च, रविवार

अक्षर वाईट येतंय.

दुपारचा ग्रुप मोठा होता. मी जिन्याच्या वळणावर, हातात लाकडी तलवार, धाकटा भाऊ अंधारातून पुढे येतो त्या जागी आलेलो. सगळे श्वास रोखून. तेवढ्यात खालून लाल छत्री वर आली. साडू. मागे त्याचा ग्रुप. तो आजवर कधी या वळणावर ग्रुप घेऊन आला नव्हता.

लोकांना म्हणाला, की बघून घ्या, इथे काही लोक खोटा खून दाखवतात. खाली बसला, माझ्या डागाचा पोपडा नखाने काढला आणि बोटावर धरून सगळ्यांना दाखवला. लोखंडी गेटला लावतात तो रंग आहे म्हणाला. त्याचे लोक हसले. माझेही हसले.

मी हात उचलला नाही. दोन्ही हात तलवारीवर होते. पहिला वार त्याच्या खांद्यावर, दुसरा कपाळावर. कपाळ फुटलं. त्याने माझी कॉलर धरून डोकं माझ्या तोंडावर आपटलं. ओठ फाटला, एक दात हलला. त्याने माझी तलवार गुडघ्यावर मोडली. माझी तलवार. मग मी सगळ्या अंगाने त्याला लोटलं.

तो गेला. मागच्या मागे, पायऱ्यांवरून, पाठ, खांदा, डोकं. छत्री मध्येच उघडली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

मग टाळ्या. दोन्ही ग्रुपांनी. पुढचा शो किती वाजता आहे, असं एकाने विचारलं.

खाली तो हलत नव्हता. हात जिथे सांधा नसतो तिथे वाकलेला. पायऱ्यांवर रक्त. मला भीती वाटली. फार भीती वाटली. मी त्याला हाका मारत उतरलो, दोनदा पडलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्याने एक डोळा उघडला आणि मला आईवरून शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकलेली नाही.

जाता जाता एक निरीक्षण: खरं रक्त आपल्या डागापेक्षा बरंच उजळ असतं. पॉलिश कमी करायला हवं.

२४ मार्च, सोमवार

साडूच्या दंडाचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. कपाळाला टाके. मेव्हणी सकाळी तवा घेऊन खाली आली. भाऊजी म्हणून हाक मारली आणि मी दार उघडल्यावर पाठीत तीनदा घातला. मी प्रतिकार केला नाही. संकल्प पाळला, नोंद असावी.

बायको म्हणाली, की आजवर तुम्हा दोघांचं रक्त तिने पुसलं, यापुढे पुसणार नाही. बॅग भरली आणि माहेरी न जाता बहिणीकडे गेली. म्हणजे वरच्या मजल्यावर. मी कालचं गरम करून जेवलो. ओठामुळे जेवण गेलं नाही. वरून चौघांच्या घरात असतो तसा भांड्यांचा आवाज येत होता. इकडे घर खायला उठलं.

बिल्ला आता जाणार. माझ्या बाजूने काय काय बोलता येईल याचा विचार केला. काही सुचलं नाही, हे थकव्यामुळे.

२७ मार्च, गुरुवार

मॅडमनी दोघांना बोलावलं. मी भाषण पाठ करून गेलो होतो. साडूला मी मोठ्या मनाने क्षमा करतो, असा शेवट होता.

साडू आला. खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर. मॅडमनी मोबाइल पुढे केला. कोणा टूरिस्टने सगळं शूट केलेलं. सगळ्या शहराने पाहिलंय म्हणाल्या. हा काय प्रकार आहे म्हणाल्या.

मी घसा साफ करतोय तोवर साडू म्हणाला, की मॅडम, हे नाटक आहे. आम्ही दोघं महिनाभर बसवतोय. फाशीच्या चौकात, तुरुंगात, न्हाणीघरात, सगळीकडे प्रॅक्टिस चालली होती. पडलो ते मात्र चुकून.

डोळ्याची पापणी न लववता बोलला.

बसमध्ये मी त्याला विचारलं, का. खिडकीबाहेर बघत म्हणाला, की दादा, तुमचा बिल्ला गेला तर तुम्ही दिवसभर घरी बसाल, आणि मी वर राहतो. मग पाठ फिरवली. पण शेजारची सीट त्याने माझ्यासाठी धरून ठेवली होती.

मॅडमना सगळं पटलं का, माहीत नाही. तिकीट खिडकीवर सकाळपासून रांग आहे, जो तो मारामारीचं टायमिंग विचारतोय, हे मात्र त्यांना पटलंय. येत्या रविवारपासून नको, हाडं जरा सांधू देत, त्याच्या पुढच्या रविवारपासून रोज दोन खेळ. सकाळी आणि दुपारी. जागा: जिन्याचं वळण.

जिन्याचं वळण. शेवटी सत्याचा विजय.

बायको घरी आली. तिला सांगितलं, प्रमोशन आहे. पडलो तरी नाक वर, असं काहीसं पुटपुटली. आनंदात असावी.

३१ मार्च, सोमवार

बिल्ल्यांचा दिवस. ऑफिससमोर सगळे गाइड इस्त्रीचे शर्ट घालून. साडूला बिल्ला मिळाला. डाव्या हाताने लावता येईना, मीच लावून दिला.

माझं नाव आलं नाही. विचारलं. मॅडम म्हणाल्या, की तुम्ही आता कलाकार, कलाकाराला बिल्ला लागत नाही. जुना जमा करा म्हणाल्या.

मग भूमिकांचं ठरलं. मी सांगितलं, धाकटा भाऊ मीच करणार, आरोळी माझी आहे. मॅडम म्हणाल्या, की पडायचं कोणी? साडूला डॉक्टरांनी पडायला बंदी केलीय. ज्याची हाडं शाबूत त्याने पडायचं. हा न्यायच आहे, असंही म्हणाल्या. तेव्हा साडू मारणार आणि लोकांना इतिहास सांगणार. मी थोरला राजा.

थोरला राजा म्हणजे मुख्य भूमिका. संवाद विचारले. राजाने वरून उतरायचं, वार खायचे आणि मरायचं, संवाद नाहीत. हरकत नाही. मोठे नट कमीच बोलतात.

शर्टाच्या खिशावर पिनेची दोन भोकं राहिली आहेत. घरी आल्यावर बराच वेळ तिथे हात जात होता. बोलावंसं वाटलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, ताप आहे का. नाही म्हणालो. वाईट वाटत होतं. आता तितकं नाही.

६ एप्रिल, रविवार

पहिला खेळ. जिना गच्च. लोक खिडकीच्या गजांना लटकलेले. मी वरून उतरलो. चाल राजाची होती, असं तिकीट खिडकीवाला नंतर म्हणाला. म्हणजे मी विचारल्यावर म्हणाला.

साडूने प्लास्टरनेच मारलं. खोटं मारायचं ठरलेलं. बरगडीत खरं लागलं. पायऱ्यांवर गादी आहे, ती एक पायरी सोडून आहे. कोपर, ढोपर, हनुवटी. पडून राहिलो. साडूने माझ्यावर पाय ठेवून बोलायला सुरुवात केली. काय बोलला ते कळलं नाही. चांगला कान जमिनीला होता, वरच्यात अजून शिट्टी आहे.

दुपारी पुन्हा मेलो. जमतंय.

१३ एप्रिल, रविवार

आज उजवा कान वर ठेवून मेलो.

साडू लोकांना सांगत होता, की मंडळी, राजाचा खून झाला खाली न्हाणीघरात. अंघोळीच्या वेळी, तलवार जवळ नसताना. नंतर प्रजेला दाखवायला प्रेत इथे आणून टाकलं. ते हे. चला, आता खरी जागा बघू.

लोक मान डोलावत होते. माझ्या वळणावर, माझ्या डागावर, माझ्या छातीवर पाय ठेवून. आणि मी मेलेला. आठवडाभर रोज दोनदा हेच सांगत असणार.

सहन झालं नाही. मी तसाच पडून, डोळे मिटून, मोठ्याने म्हणालो, जिन्यात.

जिना हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. साडू एक क्षण गडबडला. मग ओरडला, की अजून श्वास चालू आहे याचा, आणि प्लास्टर माझ्या टाळक्यात घातलं. डोळ्यांपुढे काजवे. मी पुन्हा मेलो. इतक्या टाळ्या या राजवाड्यात कधी पडल्या नसतील.

मॅडम धावत आल्या. मी मनाची तयारी केली. त्या म्हणाल्या, की हे ठेवा. रोज ठेवा. प्रेताने एक शब्द बोलायचा, मग पुन्हा मार खायचा.

म्हणजे शेवटी मला बोलायला मिळालं. एक शब्द. पण मुद्द्याचा.

बायको पहिल्यांदाच बघायला आली होती. टेंगळावर बर्फ धरत म्हणाली, की पहिल्यापेक्षा दुसरं मरण बरं जमलं. फक्त मेलेला माणूस पोट आत ओढून धरत नाही, तेवढं सुधारा.